हौदातली बुळबुळ

मी एक जुना हौद आहे, बोळिंजच्या एका वाडीतला. मित्रांनो, हौदाला तोंड असते, पण ते नुसते उघडे असते. त्यातून शब्द फुटत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यातला निम्म्याहून अधिक वैताग याच कारणाने झाला आहे. समोर चूक होताना दिसते, ती पोटात जाणवते, आणि ओरडून सांगता येत नाही!

मला नरहरीबाबांनी बांधून घेतले. काळा दगड आणि घाण्यात मळलेला चुना यांचे माझे अंग. शेजारी विहीर, विहिरीवर रहाट. बैल फिरला की रहाटाची मडकी भरून वर येत आणि माझ्यात रिकामी होत. माझ्यातून पाटाने पाणी निघे ते केळींना, पानवेलींना आणि मोगऱ्याच्या ताटव्याला जाई. ‘हौद भरला की वाडी भरली,’ असे नरहरीबाबा म्हणत. ते ऐकून मला फुगल्यासारखे होई.

मग विजेची मोटार आली. पाइप थेट केळीच्या बुंध्याशी जाऊ लागला आणि माझे काम संपले. रहाट मोडून चुलीत गेला. माझ्यात वाळका पाला, फुटक्या कुंड्या आणि एक तुटकी खाट येऊन पडली. उन्हाने माझ्या सांध्यांना तडे गेले.

मोटारी सगळ्यांनीच बसवल्या. विहिरींवरून टँकरही भरून जाऊ लागले. जमिनीखालचे गोडे पाणी आटले तसे खाडीचे पाणी आत सरकले. आमच्या विहिरीचे पाणी आधी मचूळ झाले, मग सरळ खारट. पानवेली गेल्या. केळींची पाने कडेने करपू लागली. बाजारात आमच्या केळ्यांना नाव होते. तीच केळी आता बोटाएवढी धरू लागली.

तोवर नरहरीबाबा वारले होते. त्यांचा थोरला मुलगाही गेला होता. मागे राहिली थोरली सून रुक्मिणी. तिला मूलबाळ नव्हते. वाडीतच तिचा दिवस उगवे आणि वाडीतच मावळे. धाकटा मुलगा दिनानाथ मुंबईला एका कचेरीत नोकरीला होता. त्याची बायको सावित्री. ती वसईच्या कॉलेजात सायन्स शिकायला गेली होती, पण लग्न झाले आणि शिक्षण अर्धे राहिले.

दिनानाथ वाईट माणूस नव्हता. सकाळी अंधारात जाऊन रात्री परत येणारा, थकलेला माणूस होता. एके दिवशी माझ्या काठावर बसून तो म्हणाला, “वहिनी, वाडी मेली आहे. आपण नुसतं तिचं सुतक धरून बसलोय. एक बिल्डर विचारतोय. विरारच्या फुलपाड्याला दोन खोल्यांचा ब्लॉक मिळेल.”

रुक्मिणी केळीची वाळकी पाने कापत होती. तिने मान वर केली नाही. “आणि माझी खाट कुठे लागेल?”

“स्वयंपाकघरात लागेल की. जेवणं आटपली की मोकळंच असतं ते.”

तो सहज बोलून गेला आणि आत निघून गेला. रुक्मिणी पुढे बराच वेळ एकाच पानावर कोयती चालवत राहिली. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सावित्रीने हे सगळे ऐकले होते. मला वाटते, तिच्या डोक्यात माझा विचार आला तो त्याच वेळी.

एका शेतकी मासिकात तिने लहानसा लेख वाचला होता. परदेशात कुणी टाकीत मासे पाळतात. त्या टाकीचे पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात चढवतात. वाफ्यात भाजी लावतात. माशांच्या घाणीवर भाजी वाढते आणि निवळलेले पाणी परत टाकीत उतरते. तेच पाणी फिरत राहते, म्हणून विहीर लागत नाही, पावसाचे साठवलेले पाणी पुरते. लेख पानभराचा होता. त्यात पंप होता, मासे होते, खडी होती. चूक मात्र एकही नव्हती. मित्रांनो, असल्या लेखांचा मला फार राग आहे!

“मासे?” रुक्मिणी ओरडलीच. “आपल्या घरात मासे? आपण खात नाही, शिवत नाही!”

“खायचे नाहीत, वहिनी. नुसते ठेवायचे. मोठे झाले की मार्सेलभाऊंना देऊ.”

मार्सेल हा आमचा कुंपणापलीकडचा शेजारी. त्याच्या वाडीत बावखल होते. बावखल म्हणजे पावसाच्या पाण्याचे खोलगट तळे. त्यात चिलापी मासे नको तितके झाले होते. तो हसून म्हणाला, “रुक्मिणीबाय, मासे तुम्ही वाढवा, मी खातो. एवढा चांगला सौदा मला आयुष्यात कुणी दिला नाय.”

माझ्यातला पाला निघाला. तुटकी खाटही निघाली. गवंड्याने माझे तडे सिमेंटने भरले आणि आतून नवा गिलावा दिला. लोखंडी पिंपे उभी कापून त्यांची पन्हळी केली, आतून डांबर लावले आणि माझ्या काठाशी विटांच्या खांबांवर ठेवली. त्यांत खडी भरली. जुन्या मोटारीऐवजी एक छोटा पंप आला. कौलांवरचे पाणी त्या पावसाळ्यात पिंपांत साठवले होते, ते माझ्यात ओतले. किती वर्षांनी माझ्यात पाणी आले! मी हरखून गेलो. दुसऱ्याच दिवशी मार्सेलने बादलीभर चिलापी आणून सोडली.

आणि मला कळले की घात झाला आहे. नवे सिमेंट पाण्यात उतरत होते. माझ्या अंगातून चुना झिरपत होता आणि पाणी झोंबरे होत होते. मासे माझ्या भिंतींना धडका देऊ लागले. मी काय करणार? संध्याकाळपर्यंत सगळे उलटे होऊन तरंगले.

“बघ,” रुक्मिणी म्हणाली. “पाप लागलं.”

सावित्री काठाशी वाकली. तिने बोट बुडवून जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. “चुना उतरलाय, वहिनी. सिमेंटचा. मी इतकं शिकले आणि हे डोक्यात आलं नाही!” ती स्वतःवरच चिडली आणि बादली आपटून आत गेली.

रुक्मिणीने कोयती आणली. मग तिने करपलेली एक केळ तोडली, तिच्या खोडाचे तुकडे केले आणि माझ्यात टाकले. तिच्या सासूबाई नव्या टाक्यात असेच करत. खोडे कुजली, पाणी उपसले, पुन्हा भरले, पुन्हा खोडे टाकली. असे कितीदा झाले, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. पाण्याचा झोंबरेपणा हळूहळू गेला. मार्सेल पुन्हा बादली घेऊन आला. या वेळी मासे जगले.

आता तुम्हांला वाटेल, सुरळीत झाले. छे! सावित्रीने पन्हळींत पालक आणि माठ पेरला. रोपे वर आली आणि पिवळी पडली. रोपांना लोह हवे असे कुणी सांगितले म्हणून तिने खडीत गंजके खिळे खोचले. त्याने काहीही झाले नाही, फक्त तिचे बोट कापले. इकडे रुक्मिणीने, मासे शिवायचे नाहीत म्हणणाऱ्या रुक्मिणीने, त्यांना चोरून भात घालायला सुरुवात केली. ती आली की मासे वर येत आणि तोंडे उघडझाप करत. तिला वाटे, बिचारे भुकेले आहेत. भात, पेंड, उरलेली भाकरी, सगळे माझ्यात येई. त्यातले निम्मे तळाशी बसून आंबे. पाण्याला वास सुटला आणि काही मासे मेले.

“वहिनी, तुम्ही खायला घातलंत?”

“मूठभर. जिवाला घातलं तर मरतं का गो कोणी?”

“या पाण्यात मरतं!”

नंतर एका संध्याकाळी वीज गेली ती गेलीच. पंप थांबला. सकाळी दोघी बाहेर आल्या तेव्हा मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. सावित्रीने हंडा उचलला, माझ्यातलेच पाणी भरले आणि उंचावरून माझ्यातच ओतू लागली, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. थोड्या वेळाने रुक्मिणीने दुसरा हंडा घेतला. दोघी घामाघूम झाल्या. मधेच सावित्री हंडा टाकून मटकन बसली. “मला नाही जमत. कशाला सुरू केलं मी हे?”

“कशाला केलंस?” रुक्मिणी ओततच होती.

“तुमची खाट स्वयंपाकघरात लागू नये म्हणून!”

रुक्मिणीचा हंडा हवेतच थांबला. मग तिने तो रिकामा केला, पुन्हा भरला आणि म्हणाली, “उठ. तो कोपऱ्यातला अजून हलतोय.”

वीज दुपारी आली. बरेचसे मासे वाचले.

त्यानंतर माझ्यात एक गोष्ट घडू लागली. ती कुणाला दिसत नव्हती. माझ्या भिंतींवर आणि पन्हळींतल्या खडीवर एक बुळबुळीत थर धरू लागला. मित्रांनो, तो थर जिवंत असतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशांची घाण पाण्यात विरघळली की तिचे विष होते. हे जीव ते विष खातात आणि त्याचे रोपांसाठी खत करून देतात. त्यांना यायला वेळ लागतो. त्यांना घाई चालत नाही आणि हाका मारलेल्या ऐकू येत नाहीत. पण ते आले, आणि पाणी निवळले. त्याला ओल्या मातीचा वास येऊ लागला. पालकाची पिवळी पाने झडून हिरवीगार पाने फुटली. माठ लालभडक झाला. एका पन्हळीत सावित्रीने अळू लावले होते, त्याची पाने तर सुपाएवढी झाली.

एका रविवारी दिनानाथने अळूचे फदफदे दोनदा वाढून घेतले. “कुठलं अळू हे?”

“आपलंच,” सावित्री म्हणाली. “हौदावरचं. विहिरीचं पाणी न घेता.”

तो हात धुवायला बाहेर आला आणि माझ्यात वाकून पाहू लागला. पंपाचा बारीक आवाज येत होता, पन्हळीतून पाणी माझ्यात पडत होते. “पुढच्या रविवारी बिल्डर येतोय जागा बघायला,” तो म्हणाला. “पण येऊ दे. त्याच्यासमोरच बघू, हे एवढं चालतं तर मोठं करता येईल का.”

मला इतके बरे वाटले! रहाट गेल्यापासून कुणी माझ्याकडे असे पाहिले नव्हते.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. सावित्री दोन दिवस माहेरी गेली होती. रुक्मिणीला वाटले, पाहुणे येणार आहेत, सगळे लख्ख दिसले पाहिजे. माझ्या भिंतींवरची बुळबुळ तिच्या डोळ्यांना खुपत होतीच. आयुष्यभर तिने पाण्याचे भांडे राखेने घासूनच भरले होते. तिने मासे घंगाळात काढून ठेवले. माझे पाणी उपसले. आणि पदर खोचून, नारळाचा काथ्या घेऊन ती माझ्यात उतरली.

मित्रांनो, त्या वेळचा माझा संताप काय सांगू! ती घासत होती आणि मी आतल्या आत आक्रोश करत होतो. थांब, बाई, थांब! ही घाण नाही, हेच तर सगळे आहे! ती गाणे गुणगुणत होती. तिने पन्हळींतली खडी टोपल्यांत काढून धुण्याच्या सोड्याने धुतली. एकेक खडा चमकू लागला. मग दिवसभर खपून तिने मार्सेलच्या बावखलातून हंड्यांनी पाणी आणले, मला भरले, मासे सोडले, रोपे पुन्हा लावली. संध्याकाळी कंबर धरून ती माझ्या काठावर बसली. तिचा चेहरा इतका समाधानी होता की मला तिचा राग धड धरताही येईना.

सावित्री परत आली. तिने माझ्यात हात घातला आणि भिंतीवरून बोटे फिरवली. भिंत खरखरीत होती.

“वहिनी, काय केलंत?”

“घासला. कसा दिसतोय बघ!”

सावित्रीला रडू फुटले. “सगळं घालवलंत! इतक्या महिन्यांचं सगळं!” ती काय म्हणते आहे हे रुक्मिणीला कळत नव्हते. ती सारखी म्हणत राहिली, “अगं, पण मी स्वच्छ केला. मी स्वच्छच केला ना?”

रविवारी बिल्डर आला तेव्हा पाणी दुधाळ झाले होते आणि मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. पालक आडवा झाला होता. बिल्डरने नाकाला रुमाल लावला. “हे बुजवून टाकावं लागेल,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. दिनानाथ ओशाळला. तो सावित्रीला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर तिला बरे वाटले असते.

बिल्डर गेल्यावर दिनानाथ म्हणाला, “वहिनी, आता तरी पटलं ना? कागद तयार आहेत. तुमची सही लागेल.”

रुक्मिणी मेलेले मासे टोपलीत काढत होती. हातानेच काढत होती, शिवायचे नाहीत हे ती विसरून गेली होती.

“नाही देणार,” ती म्हणाली.

“कशाच्या जोरावर, वहिनी? विहीर खारट, केळी गेल्या, आता हेही गेलं.”

“भाऊजी, मासे मी मारले. वाडीने नाही मारले. माझ्या चुकीची शिक्षा वाडीला कशाला?”

सावित्री दारात उभी होती. तीन दिवस ती जावेशी बोलली नव्हती. ती खाली उतरली, तिने दुसरी टोपली घेतली आणि माझ्या काठाशी वाकली.

पुढे भांडणे झाली, समजुती झाल्या. शेवटी रस्त्याकडची वाडी विकली गेली आणि मागची, मी आहे तेवढी, रुक्मिणीच्या नावावर राहिली. म्हणजे जिंकले कोण? मला अजून कळलेले नाही. कारण ब्लॉक मिळाला, आणि दिनानाथबरोबर सावित्रीला फुलपाड्याला जावे लागले. जिने मला पुन्हा पाणी दाखवले ती गेली, आणि जिने मला घासून पुसून मारले ती राहिली!

पण ती रुक्मिणी पहिली राहिली नव्हती. तिने मार्सेलच्या बावखलात उतरून तळाशी वर्षानुवर्षे पडलेले हिरवट दगड काढून आणले आणि न धुता, जसेच्या तसे माझ्यात ठेवले. खाली बसलेला गाळ कापडात बांधून खडीत पुरला. “काय करता, रुक्मिणीबाय?” मार्सेलने विचारले. ती म्हणाली, “विरजण लावते.” नेमका तोच शब्द मी इतके महिने शोधत होतो.

या वेळीही घाई झालीच. मासे लवकर सोडले गेले, काही मेले. एका उन्हाळ्यात पंप जळाला आणि रुक्मिणी हंड्यांनी पाणी चढवत राहिली. मी तिच्यावर चिडत राहिलो आणि ती माझ्यावर. “मेल्या हौदा, आता काय झालं तुला?” असे ती मला रोज विचारी. पण भाजी येऊ लागली. बोळिंजच्या बायका सकाळी दारात अळू आणि माठ घ्यायला येऊ लागल्या. मोठे झालेले मासे मार्सेल घेऊन जाई आणि बदल्यात त्याची बायको क्लेमेंटीन आंब्याच्या दिवसांत टोपली पाठवी.

फुलपाड्याहून सावित्री एकदा आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. ब्लॉकच्या गॅलरीत तिने दोन पिंपे मांडली होती. मासे जगत नव्हते, रोपे पिवळी पडत होती. नळाचे पाणी, नवी खडी, सगळे कसे लख्ख आणि मेलेले. “माझ्याच्याने होणार नाही, वहिनी,” ती म्हणाली. रुक्मिणीने फक्त चहा दिला.

सावित्री गेल्यावर दुसऱ्या दिवशी रुक्मिणीने झाकणाचा डबा घेतला. माझ्या पन्हळीतली मूठ मूठ खडी त्यात टाकली, वर माझे गढूळ पाणी भरले आणि निघाली. तिकडे काय झाले ते तिने परत आल्यावर माझ्या काठावर पाय सोडून बसून मार्सेलला सांगितले, म्हणून मला कळले. एसटीत तिने डबा मांडीवर धरला होता. कंडक्टरने विचारले, “मावशी, तूप का?”

“पानी आहे रे,” मागच्या सीटवरची एक कोळीण डबा हुंगून म्हणाली. “आणि तेही गढूळ. विरारला काय पानी मिळत नाय काय, बाय?”

रुक्मिणी म्हणाली, “मिळतं. पण ते नवं असतं.”

तिने ते सावित्रीच्या पिंपात ओतले, आणि दोघी किती वेळ नुसत्या बघत बसल्या. काही घडले नाही. लगेच काही घडतच नसते.

मित्रांनो, मी आता पुन्हा एका कोपऱ्यातून गळतो. माझ्या पलीकडे चार मजली इमारत उभी राहिली आहे आणि तिच्या गॅलऱ्यांतून माझ्यावर कागदाचे बोळे पडतात. मी वैतागतो, पण सांगणार कुणाला? तुम्हांला सांगतो. एखादी वस्तू, एखादे झाड, एखादे माणूस तुमच्या हाती आले तर त्याची निगा जरूर राखा. पण हात लावण्याआधी ते कशावर जगते आहे, एवढे विचारा. आपल्याला जी घाण दिसते, तिच्यावरही कुणाचा तरी जीव तगलेला असू शकतो. आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्याजवळ जरा जास्त वेळ बसा.

गॅलरीतल्या पिंपांचे पुढे काय झाले, हे विचारायचे आहे ना? काल सावित्री आली होती. तिने पिशवीतून माठाची एक जुडी काढली आणि रुक्मिणीच्या ओट्यावर ठेवली. रुक्मिणीने एक पान तोडले, उजेडात धरले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, “जरा पिवळं आहे गो.”

मग तिने सगळी जुडी चिरून चुलीवर चढवली.